नाकातल्या माश्या

झेनॉनच्या नाकाच्या शेंड्यावर राग. पोझनान शहरात जन्मभर ट्रॅम चालवली आणि जन्मभर रूळ ओलांडणाऱ्यांवर खेकसला. घरी आला की बायको, पोला, विचारायची, "काय रे, शिरल्या का नाकात माश्या?" चिडक्या माणसाला आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. पोला मात्र खरोखरच फडकं घेऊन त्याच्या नाकासमोर माश्या हाकलायची. तो आणखी भडकायचा आणि शेवटी हसायचा.

पोला ऑक्टोबरात गेली. त्यानंतर झेनॉन किटलीवर चिडला, बुटाच्या नाडीवर चिडला, पण त्यात काही राम नव्हता. चिडायलासुद्धा समोर माणूस लागतं. खालच्या मजल्यावरच्या गेनोवेफाबाईंचा रेडिओही गप्प झाला होता. पूर्वी तो लागला की झेनॉन लाकडी डाव घेऊन खालपर्यंत जाणारा हीटरचा पाइप बडवायचा.

फेब्रुवारीत पोलाचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा दिवस, आला. वाढदिवसापेक्षा तिला त्याचंच कौतुक. फुलवालीनं विचारलं, "किती देऊ?"

"पाच! दरवर्षी पाचच नेतो, विचारताय काय?"

तिनं पाच ट्युलिप लाल फितीत बांधून दिले.

कबरस्तानाच्या ट्रॅममध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. विषम फुलं जिवंत माणसाला, कबरीवर सम. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. एक टाकून द्यावं का? पण पोलाचं फूल टाकवेना. टाचण्यांवर बसल्यासारखा तो चुळबुळत राहिला आणि पुढच्या थांब्यावर उतरून घरी परतला.

त्यानं खालच्या मजल्यावरची बेल वाजवली, गेनोवेफाबाईंनी दार उघडलं. त्यानं एक ट्युलिप पुढे केला.

"अहो, उंबऱ्यावरून नका देऊ, भांडण होतं!"

"आपलं व्हायचं काही शिल्लक आहे का?"

"तरी आधी आत या."

तो आत गेला, फूल दिलं, आणि म्हणाला, "रेडिओ बिघडलाय का तुमचा?"

"छे हो. तुमच्या घरात दुःख, म्हणून लावत नाही."

"लावा."

"म्हणजे तुम्ही पाइप बडवायला मोकळे!"

"बडवीन."

बाईंनी ट्युलिप पाण्यात ठेवला. "बरं, लावते," म्हणाल्या.

मग तो पुन्हा ट्रॅमनं गेला आणि बर्फ झटकून चार ट्युलिप कबरीवर ठेवले. चार ठेवले म्हणजे पोला आता नाही, हे कबूल करणं आलं. इतके दिवस त्यानं ते टाळलं होतं. तो उभ्या उभ्या रडला.

संध्याकाळी खालून रेडिओ लागला, चांगला मोठ्यानं. झेनॉन ताडकन उठला, डाव घेतला आणि पाइप बडवला. मग सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून थांबला, नाक किंचित पुढे करून.

फडकं खुंटीलाच होतं. खाली बाईंनी रेडिओ बारीक केला.

"बारीक कशाला करताय?" पाइपाशी वाकून तो ओरडला, आणि पुन्हा बडवू लागला.