चाळीस अंश आधी

मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेचा निरोप आला: काचेच्या गाळणीच्या चाळीस चकत्या शुक्रवारपर्यंत हव्यात. मास्तर डोळ्यावर पट्टी बांधून आतल्या खोलीत पडलेले. भट्टीची धग डॉक्टरांनी सक्त मना केलेली.

"मी लावते भट्टी," त्यांची बायको म्हणाली. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. वीस वर्षं काकूंनी काचपूड चाळली होती, साच्यांत भरली होती; भट्टीच्या बटणाला मात्र कधी हात लावला नव्हता.

"अगं, पूड वितळवायची नाही," मास्तरांनी बजावलं. "कण कडेकडेने मऊ होऊन एकमेकांना चिकटले की बास. मधल्या फटी राहायला हव्यात, पाणी तिथूनच गळतं. जास्त तापलं की फटी बुजतात, चकती आक्रसते आणि हाती येतो नुसता काचेचा तुकडा."

"मला तोंडपाठ आहे हो हे."

"तोंडपाठ असणं वेगळं," एवढंच बोलून मास्तर कुशीवर वळले.

दुपारी भट्टी लागली. ठरलेल्या आकड्याला अजून चाळीस अंश बाकी असताना काकूंनी भट्टीच्या झरोक्यातून डोकावलं. चकत्यांनी साच्याची कड सोडली होती. दोऱ्याएवढी फट स्पष्ट दिसत होती, आणि ती तर काम संपताना दिसायला हवी. विचारावं तर मास्तर गोळीने गाढ झोपलेले. थांबावं तर माल हातचा जायचा. काकूंनी बटण बंद केलं.

मास्तर उठल्यावर काकूंनी सगळं सांगून टाकलं.

"चाळीस अंश म्हणजे थोडे नव्हेत," मास्तर म्हणाले. "कच्च्या राहिल्या असतील तर बोटाला पूड लागेल. उद्या कळेल."

भट्टी निवण्याआधी उघडली तर काच तडकते. त्या रात्री काकूंनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

सकाळी त्यांनी पहिली चकती मास्तरांच्या हातात ठेवली. मास्तरांनी तिच्यावर अंगठा घासला, नखाने टिचकी मारली, मग ती ओठांशी धरून फुंकली. काकूंनी पलीकडे धरलेल्या तळहाताला बारीक वारा लागला.

"पूड नाही, हवाही बेताने जातेय. झकास झालीय," मास्तर म्हणाले. "बाकीच्या आण."

सदतीस तशाच निघाल्या. मागच्या कोपऱ्यातल्या तीन मात्र पार बुजून गुळगुळीत झाल्या होत्या. काकूंनी भट्टीत नीट पाहिलं, तर उष्णता मोजणारी तार सरकून दाराच्या फटीशी आली होती, म्हणून आकडा कमी दिसत होता.

"अर्धा तास थांबली असतीस तर चाळीसच्या चाळीस अशा बुजल्या असत्या," मास्तर म्हणाले.

प्रयोगशाळेला फोन केला. सदतीस आत्ता द्या, तीन सोमवारी चालतील, असं उत्तर आलं. काकू तिथेच स्टुलावर टेकल्या. त्यांना कडकडून भूक लागली होती.

"ती तार मी बघतो जरा," मास्तर उठत म्हणाले.

"पट्टी सुटेपर्यंत तुम्ही काहीही बघणार नाही," काकू म्हणाल्या, आणि दोघांनाही हसू आलं.