मिश्री लागलेली कवळी

मित्रांनो, माझं नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. मी कवळी आहे. गुलाबी हिरड्यांची, दोन्ही जबड्यांची, आता सात वर्षं जुनी. लोक मला खोटे दात म्हणतात. म्हणू देत. सणसरच्या कुशाबाईचे खरे दात एकेक करून तिला सोडून गेले, तेव्हा टिकलं कोण? मीच.

तिचे दात मिश्रीनं खाल्ले. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि रोज सकाळी ओट्यावर बसून बोटानं दातांवर घासायची, ही तिच्या आईपासूनची रीत. दात संपले तरी बोट थांबलं नाही. बोळकं तोंड घेऊनही ती शिवारातून मान ताठ ठेवून चालायची. पण एकदा पाटाच्या पाण्याची पाळी तिची आली, तरी वरच्या अंगाला ऊस असलेल्या सर्जेरावांनी आपल्या रानाकडं पाणी वळवणारं पाटाचं दार बंदच केलं नाही. कुशाबाई भांडायला गेली, तर शब्दांऐवजी नुसती हवाच बाहेर पडू लागली. सर्जेराव हसून म्हणाले, "काकी, आदी दात आणा, मग पाणी मागा." बांधावरची चार माणसंही हसली. दुसऱ्याच दिवशी कुशाबाई बारामतीच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसली होती.

बाईंनी तिला नीट समजावलं. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात धडधाकट असले, तर त्यांच्या आधारानं मधे पूल बांधता येतो. पण हिला शेजारच उरला नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचे. काम पक्कं, पण आधी हाड तपासायचं, मग महिनोन् महिने दम धरायचा. तिसरी मी. कुशाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाडात खिळं ठोकायला मी काय बैलगाडी हाय? काढता-घालता येईल असलं कायतरी द्या."

मग मळलेल्या पिठासारखं काहीतरी तिच्या तोंडात दाबून माप घेतलं, मेणात दात मांडून पाहिले, आणि माझा जन्म झाला. पहिले आठ दिवस मी तिला टोचले, तिनं मला शिव्या दिल्या. फिट्टंफाट. पुढं भाकरी म्हणू नका, मटकी म्हणू नका, सगळं मी तिला चावून दिलं. ऊस सोलायचं काम मात्र मला सांगू नका, ते माझं नव्हे. पुढच्या पाळीला ती पाटावर उभी राहून बोलली, तेव्हा एकेक अक्षर हलगीसारखं वाजलं. सर्जेरावांनी मुकाट्यानं दार लावलं.

एवढं केलं, त्याचं मला काय मिळालं? मिश्री. बोटाची सवय जुनी, त्यामुळं ती माझ्यावरही घासली जायची. पांढरी आले होते, वर्षभरात जळक्या तव्यासारखी दिसू लागले. शिवाय कुशाबाई झोपतानाही मला काढायची नाही. पहाटे कुणी दारात आलं आणि बोळकं तोंड दिसलं तर? सून अनिता सांगून सांगून थकली.

यंदा तिच्या हिरडीला जखम झाली. तीन आठवडे झाले तरी भरेना. मुलगा मानसिंग घाबरला. म्हणाला, ही कवळीच वाईट, टाका उकिरड्यावर, आपण स्क्रूचे दात बसवू. मित्रांनो, सात वर्षं राबलेल्या जिवाला उकिरडा. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की त्या तोंडात आम्ही दोघी जात होतो, मी आणि मिश्री. चोर कोण ते आधी बघा.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. त्यांनी सांगितलं, पंधरा दिवस कवळी बाहेर, मिश्री कायमची बंद. जखम भरली नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आणि मिश्रीच्या तोंडात स्क्रूसुद्धा नीट धरणार नाही, असं मानसिंगलाही ऐकवलं. मला त्यांनी पाणी भरलेल्या डबीत ठेवलं. घरी आल्यावर कुशाबाईनं कमरेच्या पिशवीतली मिश्रीची डबी काढली आणि उकिरड्यावर उपडी केली. तिच्या जागी माझी डबी खोचली.

नवव्या दिवशी पाण्याची पाळी आली. ऊस सुकत चालला होता आणि सर्जेरावांचं दार उघडंच होतं. अनिता म्हणाली, आत्या, तासाभरापुरती घाला, कोण बघतंय. खरं सांगते, मीही डबीत सावरून बसले. माझ्याशिवाय हिचं काय चालणार?

कुशाबाई तशीच निघाली.

तिचं बोळकं तोंड पाहून सर्जेरावांना जोर चढला. "काय काकी, दात घरी इसरला व्हय?"

तिनं डबी काढून त्यांच्या नाकापुढं हलवली. मी आत खुळखुळले. "दात हितं हायती, सर्जेराव. जीभ तोंडात हाय. दार लावा."

शब्दांतून हवा गेली, पण एकही शब्द खाली पडला नाही. या वेळी कुणी हसलं नाही. सर्जेराव वाकले आणि त्यांनी दार लावलं.

पंधराव्या दिवशी बाईंनी हिरडी पाहिली. जखम भरली होती. मला खरवडून, उजळून परत तोंडात बसवलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी आजीआजोबांच्या तोंडात माझी एखादी बहीण असेल, तर तिला झोपताना काढून गार पाण्यात ठेवायला सांगा, सकाळी मऊ ब्रशनं धुवायला सांगा, आणि मिश्रीची सावलीही तिच्यावर पडू देऊ नका. उकळतं पाणी तेवढं दाखवू नका, त्यानं मी वाकते. बाकी कुणापुढं वाकायची सवय ना मला, ना कुशाबाईला.