ऑर्व्हिलचं केळफूल

अमेरिकेतल्या टकोमाच्या थंडीत परसात केळ लावणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर ऑर्व्हिल असतो. शेजारचा गस त्याला नेहमी चिडवायचा, दुकानात घडच्या घड पडलेत, जाऊन आण की. ऑर्व्हिल म्हणायचा, केळी कुणाला हवीत लेका, ही जात खायची नव्हेच. मला केळफूल बघायचंय.

तेवढ्यासाठी या माणसाने काय काय म्हणून केलं! दरवर्षी कडाका पडायच्या आधी पानं छाटायची, बुंध्याभोवती जाळीचा पिंजरा उभा करायचा आणि शिडीवर चढून त्यात वाळका पालापाचोळा शेंड्यापर्यंत ठासायचा. बुंधा वरपर्यंत जगला तरच फूल येणार. गोठला की पुन्हा बुडापासून सुरुवात. एका वर्षी प्लॅस्टिक गुंडाळलं, तर आत सगळं कुजलं. पठ्ठ्या आठवडाभर धड जेवला नाही. त्याची बायको वर्ना वैतागायची. सवत परवडली, पण ही केळ नको, म्हणायची आणि शिडी धरायला जायची.

या वर्षी ऑर्व्हिल दवाखान्यात होता. फुप्फुसं निकामी झाली होती. पुढचा उन्हाळा त्याला दिसायचा नाही, हे त्याला आणि वर्नाला दोघांनाही ठाऊक होतं, बोलत मात्र कुणीच नव्हतं. थंडीची लाट येणार अशी बातमी लागली, तेव्हा केळीचा विषय त्यानेच काढला. गसची कंबर धरलेली, वर्नाचे गुडघे गेलेले.

"तू शिडीवर चढायचं नाहीस," तो दम खात म्हणाला. "कमरेएवढी ठेव, वरची कापून टाक. मुळं जगली म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी तिने करवत लावली. केळीला कापायला कितीसा वेळ लागतो? वरचा भाग धपकन आडवा झाला. वर्ना वाकून बघते तर काय, एकावर एक गुंडाळलेल्या सोपटांच्या मधोमध पांढराशुभ्र, घट्ट दांडा. गोठलेले बुंधे तिने कितीतरी कापलेले पाहिले होते, त्यांत नुसती सोपटावर सोपटं असायची. ऑर्व्हिलने शंभरदा सांगितलं होतं, आत दांडा चढायला लागला की समजायचं फूल निघालं.

तिने पडलेला तुकडा सोलत नेला. शेंड्यापाशी मुठीएवढं कोवळं केळफूल होतं, मिटलेलं. हे त्याला नेऊन दाखवायचं? कुठल्या तोंडाने? वर्ना ओल्या गवतात बसून मोठ्याने रडली. मग केळफूल तिने खुंटाशेजारी पिंजऱ्यातच ठेवलं आणि वरून पाचोळा भरला.

संध्याकाळी दवाखान्यात ऑर्व्हिलने तिचा हात हातात घेतला. बोटांवर चिकाचे काळे डाग पडले होते.

"झाकलीस?"

"झाकली. चांगली ठासून."

"कापल्यावर मधे काही दिसलं?"

तिने त्याचं पांघरूण उगाच सारखं केलं. "काही नाही रे. नुसती सोपटं."

"सुटलो बुवा." त्याने डोळे मिटले. "तुला कापायला सांगितलं, अन् मग दिवसभर जिवाला घोर. आत फूल असतं, तर जन्मभर तू स्वतःला बोल लावत बसली असतीस."

वर्ना म्हणाली, "पुढच्या वर्षी येईल."

"येईल की," ऑर्व्हिल म्हणाला, आणि तिच्या बोटांवरचे डाग अंगठ्याने पुसत राहिला. चिकाचे डाग असे निघतात थोडेच. पण तिने हात काढून घेतला नाही.