वरचा कॉम्प्युटर, खालचा लॅपटॉप

निळ्या वायरचं टोक उदयसिंहांनी जिन्यातून खाली सोडलं आणि कठड्यावरून वाकून सांगितलं, "लाव राउटरला. पाच मिनिटांचं काम हाय. अख्ख्या कारखान्याचं नेटवर्क जोडलंय मी, ह्यो तर घरातला जिना!"

संयोगितानं वायर लावली. ती पाच मिनिटं सकाळच्या चहाबरोबर सुरू झाली आणि जेवणाची ताटं उचलली तरी संपली नव्हती.

वरच्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजत होती. तिनं आजवर काढलेली ब्लाऊजची सगळी आरीवर्क डिझाइनं त्या डिस्कवर होती, आणि दुसरीकडे कुठंच नव्हती. पेनड्राइव्ह लावायची जागा कधीचीच बंद पडलेली. लग्नसराई तोंडावर आलेली. दुरुस्तीवाल्या आकारामनं फोनवरच आवाज ऐकून सांगितलं होतं, "वहिनी, ही डिस्क दोन दिवसांची पावणी हाय. उचला आन् दुकानात आणा, मी काढून घेतो सगळं."

पण घरात उदयसिंह असताना आकारामच्या दुकानात जायचं म्हणजे त्यांचा अपमान. डिझाइनं खालच्या लॅपटॉपवर उतरवायला त्यांनी बॅकअपचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाकलं. वायर पुरेना म्हणून कॉम्प्युटर टेबलावरून उचलून खोलीच्या दारात, उंबऱ्याला खेटून जमिनीवर ठेवला. तापतोय म्हणून बाजूचं झाकणही काढलं.

"दिसतंय का?" वरनं हाक आली.

लॅपटॉपवर तीच ओळ होती : समोरचा कॉम्प्युटर सापडत नाही.

"न्हाय!"

"आता?"

"न्हाय वो!"

समोरच्या गॅलरीतून चिमणाबाईंनी कपडे वाळत घालता घालता विचारलं, "संयोगिता, सकाळधरनं काय दिसंना झालंय गं?"

तिनं खिडकी लावून घेतली.

उदयसिंहांनी अँटीव्हायरस बंद केला, राउटर चारदा बंदचालू केला, पासवर्ड बदलला आणि बदललेला विसरले. मग इंटरनेटवाल्याला फोन लावून झापलं, "नेट देताय का उपकार करताय?" घरातल्या घरात दोन कॉम्प्युटर जोडायला इंटरनेट लागतच नाही, हे त्या बिचाऱ्यानं तीनदा सांगून पाहिलं. शेवटी त्यांची नजर जिन्याखाली गेली.

"तूच कायतरी दाबलं असशील."

संयोगिता तडतडत वर गेली.

"मी? डिझाइनं माझी, मेहनत माझी, आन् दाबलं पण मीच? तुमचं खेळणं न्हाय ते!"

"अगं, सिस्टिमचा प्रॉब्लेम हाय, तुला कळायचं न्हाय."

तिथंच जमिनीवर बसून तिनं वायरचं टोक कॉम्प्युटरमागं दाबून पाहिलं. आत जाता जाता कशाला तरी अडत होतं. तिनं आरीची बारीक सुई आणली आणि हळूच आत फिरवली. पिवळाजर्द तांदळाचा दाणा बाहेर आला. मग दुसरा. त्यामागं चिमूटभर कुंकू.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा उदयसिंहांनीच केली होती. घरात शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर होती, पण कॉम्प्युटरवर त्यांनी मूठमूठ अक्षता टाकल्या होत्या, पुढून आणि मागून.

तिनं दाणे तळहातावर घेऊन त्यांच्यापुढं धरले. ते भिंतीवरच्या पालीकडं बघत होते.

वायर खट्कन बसली. मागं हिरवा दिवा लागला. ती धावत खाली आली, तर लॅपटॉपवर वरच्या कॉम्प्युटरचं नाव झळकत होतं. तिनं बटण दाबलं. मोर, कोयऱ्या, कमळं, एकेक फाइल खाली उतरायला लागली.

"दिसतंय का?"

"दिसतंय! चाललंय!"

"मग! म्हटलं न्हवतं? थांब, नारळ फोडतो."

"आत्ता कसला नारळ? सगळं उतरल्यावर फोडा की!"

"शुभकामाला आधी फोडतात, नंतर न्हाय."

"अहो, हात जोडते, कशाला हात लावू नका तिथं!"

"कॉम्प्युटरला कोण हात लावतंय? उंबऱ्यावर फोडतोय."

लॅपटॉपवर बारा टक्के झाले होते. उंबरा म्हटल्यावर तिला आठवलं, आणि ती जिन्याकडं पळाली. दुसऱ्या पायरीवर असतानाच वरनं नारळाचा आवाज आला, लगेच त्याच्यामागून चर्र असा दुसरा. घरातला पंखा फिरायचा थांबला. टकटकही थांबली.

ती तशीच मागं फिरली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. समोरचा कॉम्प्युटर सापडत नाही.

तिनं सुई डबीत ठेवली. कपाटातून एक जुनं जाड लुगडं काढलं, कॉम्प्युटर बांधायला, आणि आकारामला फोन लावला.

"दिसतंय का?" वरनं उदयसिंहांनी विचारलं.

नारळ चांगला निघाला होता. पाणी भरपूर होतं.