दातेरी चिमटा आणि लच्छूचा खर्रा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. भुवया कोरायचा नव्हे आणि पापड भाजायचाही नव्हे. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात, मलमपट्टीच्या खोलीत माझे आयुष्य गेले. कारखान्यात पोलाद तापवून, ठोकून मला घडवले आणि माझ्या टोकांना बारीक दाते पाडले. एकदा धरले की सोडायचे नाही, एवढीच माझी विद्या.

ट्रेमध्ये माझ्या शेजारी कापूस असे. तो जखमेवर अलगद बसतो म्हणून सगळ्यांचा लाडका. ओला झाला की बादलीत! मला पाहिले की मात्र भलेभले डोळे मिटतात. वाघाच्या रानात मोहाची फुले वेचणारी माणसे, आणि माझ्यासमोर "आई गं"! तरी मी बाभळीचे काटे काढले, काचा काढल्या, विटांचे खडे काढले. "जुना आहे, पण पकड पक्की," असे ज्योत्स्ना सिस्टर म्हणायच्या.

मग पाकिटातले प्लास्टिकचे चिमटे आले. दिसायला निळे, टोकाला मऊ, कापसाचेच भाऊबंद. मी खणात गेलो, अर्ध्या मेणबत्तीच्या सोबतीला. मध्ये कोणीतरी मला उकडलेली अंडी काढायला वापरले. अंड्यांना काय दुखत होते, ते मला अजून कळलेले नाही.

एका उन्हाळ्यात सोमारी आली, लच्छू या तिच्या दिराच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत. रानात तोडलेल्या बांबूचा खुंट तिच्या तळव्यात घुसला होता. पाय भोपळ्यासारखा सुजला होता. विड्यांसाठी तेंदूची पाने तोडायचा, चार पैसे मिळायचा हंगाम तोंडावर आला होता. तो थोड्याच दिवसांचा असतो आणि पायासाठी थांबत नाही.

सिस्टरनी लुंगीच्या चिंधीची पट्टी सोडली आणि नाक मुरडले.

"हे काय भरलं रे, लच्छू?"

"खर्रा, बाई. रक्त तं लगेच बंद झालं ना!"

सुपारी, तंबाखू आणि चुना! जे चघळून लोक भिंतीवर थुंकतात, ते यांचे औषध.

"माझा बापही असंच करे जी," लच्छू म्हणाला.

"म्हणून तो लंगडे का?"

एवढ्या दुखण्यातही सोमारी हसली. मग हळूच म्हणाली, "बाई, पानं तोडाले जाता येईन ना मले?"

"आत काय आहे ते निघू दे आधी. नाई निघालं तं चंद्रपूरले जा लागन."

लच्छू पुटपुटला, "काहीच नाई झालं तिले."

मित्रांनो, या वाक्याइतका मी गंजालाही भीत नाही. वरून मिटले म्हणजे आतून बरे झाले, हे शास्त्र कोणी काढले? रक्त थांबले होते. बांबू आतच होता.

सिस्टरनी जखम धुतली, भूल दिली आणि निळा चिमटा घातला. तो घसरला. दुसऱ्यांदा वाकला. मग खण उघडला. आता माझी आठवण झाली! त्यांनी मला साबणाने घासले आणि वाफेच्या भांड्यात ठेवले. मी तापून, शुद्ध होऊन, निवून बाहेर आलो. आत शिरलो, टोक धरले, आणि काळा पडलेला बांबूचा तुकडा पुवासकट बाहेर आणला. सिस्टरनी तो लच्छूच्या नाकासमोर धरला.

"हे काहीच नाई का?"

गप्प बसायला त्याला बांबू लागला.

सोमारीला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या. हंगामाचे पहिले दिवस तिचे खाटेवर गेले, शेवटचे रानात. दिराचे बूट घालून.

पुढे धान कापताना लच्छूच्या बोटाला विळा लागला. तो बोट स्वच्छ फडक्यात धरून आला. "साबणानं धुतलं जी. काहीच नाई लावलं." तोंडात खर्रा होता, पण निदान तोंडातच होता. सिस्टरनी बोट पाहिले, साधी पट्टी बांधली. आत काढण्यासारखे काही नव्हते.

तुमच्याकडून मला प्रेम नको, मित्रांनो. ते कापसाला द्या. मला काम झाल्यावर घासा, वाफ द्या, कोरडे ठेवा. आणि लागले तर जखम धुऊन लगेच या. लच्छू बोट घेऊन आला त्या दिवशी माझी गरजच पडली नाही, मी ट्रेमध्ये नुसताच पडून होतो. माझा इतका मान कोणी ठेवला नव्हता. आणि ठेवला कोणी, तर लच्छूने!