बिनबटणाचा शर्ट

मास्तरांनी आयुष्यात विकतचा कपडा अंगाला लागू दिला नव्हता. तीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेला माणूस, तो काय दुकानातला टी-शर्ट घालणार? म्हणून मुलीच्या स्थळासाठी त्या शहरात जायचं ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःच एक शर्ट बेतला, त्याला ना बटण ना काज. पुढून सलग कापड, वर कॉलर आणि डोकं जाण्यापुरतं भोक.

ते भोक दीड इंच कमी पडलं, हे मास्तरांना निघायच्या दिवशी सकाळी कळलं. मुलीने खाली ओढून ओढून बापाला त्यात कोंबलं.

"बाबा, तिथे काहीही बोला," ती धापा टाकत म्हणाली, "पण बटणं कुठल्या बाजूची हे तेवढं विचारू नका. मुलाच्या आईने याच प्रश्नावरून दोन स्थळं परत पाठवलीत. मला हाच मुलगा हवाय."

हे बटणांचं प्रकरण त्या शहराचं होतं. तिथल्या कुणा गुरूंचं एकच चित्र शिल्लक होतं. त्यात त्यांच्या अंगरख्याची बटणं डावीकडे दिसत. पण ते चित्र समोर बसवून काढलं होतं की आरशात बघून, हे न सांगताच चित्रकार मरून गेला. झालं! अर्धं शहर डावी बटणं लावू लागलं, अर्धं उजवी. आधी टोमणे, मग लग्नसंबंध बंद, आणि तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात दुकानं जळली, माणसं मेली. त्यानंतर सगळं शांत होतं म्हणे. पण मास्तरांचा मेहुणा त्या शहरात कधीही गेला नव्हता, त्यामुळे त्याला तिथली खडान् खडा माहिती होती. "आधी छातीकडे बघतात, मग तोंडाकडे," असं त्याने सांगून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून मास्तरांची झोप उडाली होती.

स्टेशनाबाहेर त्यांनी रिक्षा केली. पाण्याच्या टाकीमागे जायचं होतं. पहिल्याच चौकात रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "उजवे की डावे?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आले की हो मुद्द्यावर!

"सरळ!" ते ओरडले. "आपण सरळमार्गी माणूस!"

रिक्षावाल्याने खांदे उडवले. पुढच्या चौकात त्याने पुन्हा तेच विचारलं, मास्तरांनी पुन्हा "सरळ" म्हटलं. असे पाच चौक झाले. घरं संपली, वीटभट्ट्या लागल्या, डांबर संपलं, आणि रिक्षा थांबली.

"काका, पुढे नदी आहे," रिक्षावाला म्हणाला. "नदीतही सरळच घेऊ?"

"पण तुम्ही विचारत काय होता?"

"टाकीला दोन्हीकडून रस्ता आहे. उजवीकडून नेऊ की डावीकडून, एवढंच विचारत होतो. तुमच्या बटणांचं मला काय करायचंय? तुम्हाला तर बटणंच नाहीत."

ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा मास्तर मुलाच्या घरी पोचले. मुलगा कामावर होता. त्याच्या वडिलांनी हसून दार उघडलं. मास्तरांनी नमस्कार करता करता त्यांच्या छातीवर नजर टाकली. बटणं उजवीकडे! कोडं दारातच सुटलं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. चार घटका गप्पा बऱ्या रंगल्या. मुलाची आई मात्र समोर बसून एकटक त्यांच्याकडे बघत होती.

"एक मागणं आहे," बाई अखेर म्हणाल्या. "पोराचा लग्नातला कोट तुम्हीच शिवायचा."

"शिवतो की! त्यात काय!" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांना घाम फुटला. शर्ट बिनबटणाचा चालेल, कोट कसा चालणार? वडील उजवे, म्हणजे मुलगा उजवाच असणार. पण असणार म्हणून कुणी कापडाला कात्री लावतं का? खात्री करायला हवी होती, आणि विचारायची तर सोय नव्हती.

हात धुवायच्या निमित्ताने ते मागच्या गॅलरीत गेले. दोरीवर शर्ट वाळत होते. पहिला डावा. दुसरा उजवा. तिसरा डावा! मास्तरांचं डोकं गरगरलं. त्यांनी चौथा शर्ट हातात घेतला, नाक लावून पट्टी तपासली.

"काय बघताय?" मागून बाईंचा आवाज आला.

"शिलाई," मास्तर दचकून म्हणाले.

"ओल्या कपड्याची?"

मास्तर बैठकीत येऊन बसले. बाईंनी चहाचा कप पुढे केला. मास्तरांनी तो धरला, पण नजर मुलाच्या वडिलांच्या बटणांवरच राहिली आणि अख्खा कप छातीवर सांडला. चहा कढत होता. "आई गं!" करून त्यांनी शर्ट वर ओढला. तो कानांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. दीड इंचाने दगा दिला तो दिलाच. दोन्ही हात वर, तोंड कापडात आणि खाली बनियन, अशा थाटात मुलीचा बाप तिच्या भावी सासरी उभा राहिला.

मुलाचे वडील ओढू लागले. "थांबा, कान तुटतील," बाई म्हणाल्या. मग शर्टाला उद्देशून म्हणाल्या, "मास्तर, शिलाई नव्हता बघत, बाजू बघत होतात. हो ना?"

"हो," शर्टातून आवाज आला. खोटं बोलायला तोंड तरी मोकळं हवं ना!

"मग ऐका. मी डाव्यांची, हे उजव्यांचे. त्या उन्हाळ्यानंतर चारच महिन्यांनी लग्न केलं. माझ्या भावाने दार लावलं, ते अजून उघडलं नाही. पोर झालं तेव्हा ठरवलं, सोम-बुध-शुक्र डावा शर्ट, मंगळ-गुरू-शनी उजवा."

"आणि रविवारी?" शर्टाने विचारलं.

"रविवारी बनियनवर!"

शर्ट गदगदा हलू लागला. मास्तर आत रडत होते की हसत होते, बाहेरून कळेना.

"दोन स्थळांनी विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं," बाई म्हणाल्या. "'वा वा' म्हणाले, पण चेहरे पडले. पडलेल्या चेहऱ्यांच्या घरची मुलगी मला नको होती. तेव्हापासून मी आधी माणसाचा चेहरा बघते. आणि तुम्ही नेमके तोंड झाकून बसलात!"

एवढं बोलून त्यांनी कात्री आणली आणि कॉलरपासून खालपर्यंत शर्ट चरचरा कापला. आतून मास्तर निघाले. केस उभे, कान लाल, डोळ्यांत पाणी. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मास्तरांना मुलगी आठवली.

"पडलेला नाही हो," ते घाईघाईने म्हणाले. "नुसता सुजलाय." मग त्यांना राहवेना. "महिनाभर मी तुमच्या बटणांच्या काळजीत होतो. पोरीला सासू कशी मिळतेय, ते बघायचं राहूनच गेलं. लाज वाटते मला."

बाईंनी पदराने डोळे पुसले, कापलेला शर्ट मांडीवर घेतला आणि सुईदोऱ्याचा डबा पुढे ओढला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "काजं तुम्ही करा, बटणं मी लावते."

त्यांनी तीन बटणं डावीकडे लावली, तीन उजवीकडे. टाके पाहून मास्तरांच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं, पण ते आपली काजं करत राहिले.

संध्याकाळी घरी पोचले तर मुलगी दारातच उभी होती. तिने बापाचा चेहरा पाहिला नाही, आधी छाती पाहिली.

"बाबा, हे काय? कुणी लावली असली बटणं?"

"तुझ्या सासूने," मास्तर म्हणाले. "टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत."