चढावरची हातगाडी

फालेसीच्या नवऱ्याच्या, वायसनच्या घशात गाठ निघाली, औषधपाण्यापायी शिलाईमशीन विकलं गेलं आणि त्याच्यामागोमाग शेजारही गेला. मशीन होतं तेव्हा न्दिरांदे वस्तीच्या त्या गल्लीतल्या बाया उधारीवर झगे शिवून न्यायला दिवसातून दोनदा यायच्या. आता फालेसीच्या दारात येई ती एकटी नाफिरी, तीही परात घेऊन. गल्लीत कोणी गेलं की मयताच्या घरी रांधायला घरोघरचं मक्याचं पीठ गोळा करण्याचा मान तिचा.

"यंदा तीन मयतांना आली नाहीस तू," परात पुढे करत नाफिरी म्हणाली. "लोक लक्षात ठेवतात हो."

"यांना टाकून कशी येणार? नाफिरीबाई, कालपासून दुखण्याचं औषध संपलंय. दवाखान्यात दुपारपर्यंतच देतात, तेही पेशंटला बघूनच. हातगाडीला जरा हात लावाल? नुसत्या चढापुरता."

"अगं, समोर मयत आहे! आम्हाला सवड कुठली?"

मेलेल्यापाशी तीन दिवस बसायला सवड, जित्याला मात्र एक चढ जड. फालेसीने मूठभर पीठ परातीत टाकलं, भिकारणीला टाकावं तसं.

मग वायसनला तिने गाडीवर निजवलं, उशी सारखी केली आणि ऊन लागू नये म्हणून झग्यावर गुंडाळलेलं आपलं चितेंजेचं कापड सोडून त्याच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांघरलं. "गप पडून राहा हं, राजा."

गाडी मयताच्या घरासमोर आली तशा बाया पटापट गुडघ्यांवर बसल्या. प्रेत चाललं की बसायचंच.

"अरे देवा! वायसन गेला गं! किती गुणी माणूस!" नाफिरीने हंबरडा फोडला.

सांगायला उघडलेलं तोंड फालेसीने मिटून घेतलं.

आठ-दहा हात गाडीला लागले. भजन सुरू झालं. काय ते प्रेम! पाच महिन्यांत जिने "कसे आहेत?" म्हणून विचारलं नव्हतं, ती आता धापा टाकत रडत होती. गाडी बघता बघता चढ चढून गेली.

वर सडकेला लागताच वायसन खोकला. चितेंजेखालून म्हणाला, "फाले, कोण गेलं गं?"

भजन तुटलं. चटका बसावा तसा नाफिरीने हात काढला. "जिवंत आहे हा?"

"आहे. माफ करा हं, रडणं फुकट गेलं तुमचं."

"फसवलंस आम्हाला! तुझ्या दारी मयत होईल ना, तेव्हा कुत्रं फिरकणार नाही!"

"नका फिरकू. तेव्हा यांना दुखत नसेल."

पुढे दवाखान्यापर्यंत सडक सपाट होती. फालेसीने गाडी एकटीनेच दामटली. साडेदहाच वाजले होते.